माह्याच लेकराले काहून?

१९९१चा पावसाळा होता. दर्यापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. खारपाणपट्ट्यातली काळी माती पावसात अशी धरून ठेवते की सायकल चालवणं सोडा, ढकलणंही होत नाही. लसीचा डबा खांद्यावर घ्यायचा आणि चपला हातात. गावाच्या शेवटच्या आळीत एक बाळंतीण होती. विशीच्या आतबाहेरचं वय, पहिलंच लेकरू. जन्मताना ते अडीच किलोच्या वर भरलं होतं, रडलंही खणखणीत. दीड महिन्यानं मी गेले तेव्हा ते अंगावर पिताना दोन घोट घेई, थांबे, धापा टाकी आणि पुन्हा दोन घोट घेई. बाहेर पावसाचा गारवा आणि लेकराची टाळू मात्र घामानं ओलीचिंब. झोळीचा काटा टांगून वजन केलं. महिनाभरात जेमतेम दीडशे ग्रॅम वाढलेलं.

आजी म्हणाली, "जल्मला तवा चांगला होता बाई. बारशाले सारं गाव पाहून गेलं, तवाच नजर लागली."

मी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून अमरावतीला. तिथल्या डॉक्टरांनी छातीला आला, म्हणजे स्टेथोस्कोप, लावला, छातीचा फोटो पाहिला आणि सांगितलं की हृदयात मोठं छिद्र आहे, मुंबईला न्यावं लागेल. त्या घरातलं कोणीही बडनेऱ्याच्या पुढं रेल्वेनं गेलेलं नव्हतं. दिवाळीच्या आधी लेकरू गेलं, पाच महिन्यांचं होऊन.

मी भेटायला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. कोणी नसताना हळूच म्हणाली, "बाई, माह्याच लेकराले काहून झालं असन?"

मी काय बोलले ते मला शब्दाशब्दानं आठवतं. म्हणाले, "लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या खाल्ल्यास का? फेकल्या असशील उकिरड्यावर." तिनं मान खाली घातली. मी ती कबुली समजले आणि उठून आले.

पुढं मी २०२०पर्यंत, एकूण ३४ वर्षं नोकरी केली. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, मध्ये दोन वर्षं मेळघाटात धारणीकडं. आता अकोल्यात गोरक्षण रोडला राहते. त्या एका वाक्यामुळं मी या आजाराबद्दल वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. "काहून?" या प्रश्नाचं जे उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, ते आज जमेल तसं लिहिते आहे.

आधी एक गोष्ट साफ करते. लोक म्हणतात "दिलात होल पडलं", "काळजाले भोक पडलं". या 'पडलं'मध्येच सगळा घोळ आहे. धडधाकट हृदयाला नंतर कोणीतरी भोक पाडलं, असं त्यातून वाटतं. मग पाडलं कोणी, याचा शोध सुरू होतो आणि तो हमखास आईपाशी येऊन थांबतो. अंजनगाव तालुक्यात एक सासू मला म्हणाली होती, "गिऱ्हनात ब्लाउजले हूक लावत बसली होती हे. म्या सोता पाह्यलं. तेच सुई लेकराच्या काळजाले लागली." सून शेजारीच उभी होती. घरात कुणालाच ते खोटं वाटत नव्हतं, सुनेलाही नाही.

भोक पडत नसतं. भिंत पुरी व्हायची राहते.

गर्भात हृदय सुरुवातीला एक सरळ नळी असते. ती वाढताना वळते, दुमडते आणि मग तिच्या आत भिंती उठू लागतात. एका घराची चार दालनं व्हायची असतात. खालच्या दोन दालनांमधली भिंत खालून वर येते, मधोमध दोन बाजूंनी उशीसारखे उंचवटे वाढत येऊन एकमेकांना चिकटतात आणि शेवटी वरच्या कोपऱ्यातला एक लहानसा तुकडा भरला की भिंत पुरी होते. तो शेवटचा तुकडा राहून गेला की डॉक्टरांच्या भाषेत व्हीएसडी, म्हणजे खालच्या दालनांमधलं छिद्र. जन्मजात हृदयदोषांत हा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो. यातली लहान छिद्रं पहिल्या काही वर्षांत पुष्कळदा आपोआप मिटतात. मोठी सहसा मिटत नाहीत.

खरं तर जन्माला येईपर्यंत आपल्या प्रत्येकाच्या हृदयात एक वाट उघडी असतेच. गर्भात फुप्फुसं श्वास घेत नाहीत, म्हणून वरच्या दोन दालनांमध्ये एक झडप उघडी ठेवलेली असते आणि रक्त तिथून पलीकडं जातं. जन्मानंतर ती मिटते. तरी मोठ्या माणसांतही चारांतल्या एकात ती बारीकशी उघडी राहिलेली असते, आणि त्यांना जन्मभर पत्ता लागत नाही. महिलांच्या सभेत मी हे सांगितलं की बाया एकमेकींकडं पाहायच्या.

दर्यापूरच्या त्या लेकराला 'नजर' दीड महिन्यानंच का लागली, तेही मला फार उशिरा कळलं. जन्मल्यानंतर काही आठवडे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. त्यामुळं भिंतीत छिद्र असलं तरी त्यातून फारसं रक्त फुप्फुसाकडं जात नाही. महिना-दीड महिन्यात त्या वाहिन्या सैल पडतात आणि रक्ताचा लोंढा तिकडं वळतो. मग बाळ धापा टाकतं, पिताना घामाघूम होतं, वजन धरत नाही, सारखी त्याची छाती भरते. बारसं, पाहुणे आणि हा लोंढा, तिन्हींची वेळ जवळजवळ एकच येते. आजी जे पाहत होती ते खरं होतं, तिनं जोडलेलं कारण तेवढं चुकीचं होतं.

आता वेळेचं सांगते. मला सांगायची सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे.

गर्भधारणा झाल्यावर साधारण २२व्या दिवशी ती नळी हलू लागते. म्हणजे बाईची पाळी चुकून आठवडाच झालेला असतो. आमच्याकडं पाळी आठवडाभर पुढं गेली तर कोणी लक्षही देत नाही. निंदण असतं, कापूस वेचायचा असतो, उन्हामुळं झालं असेल म्हणतात. आणि पाळी चुकून सहा आठवडे होईतो भिंती, झडपा, मोठ्या रक्तवाहिन्या, हृदयाची सगळी बांधणी जवळजवळ पुरी झालेली असते.

आणि आम्ही? गरोदर बाईची नोंदणी १२ आठवड्यांच्या आत झाली पाहिजे, हे आमचं उद्दिष्ट. ते गाठलं की आम्हाला शाबासकी. मी स्वतः त्या शाबासक्या घेतल्यात. पण १२ आठवड्यांची नोंदणी झाली तेव्हा बाळाचं हृदय बांधून तयार झालेलं असतं. कार्ड भरणं, लस, रक्त तपासणं, या सगळ्याची गरज आहेच, आईचा जीव त्यानं वाचतो. लोहाची लाल गोळी तर चौथ्या महिन्यापासून सुरू होते. ती आईचं रक्त वाढवते, हृदयाची भिंत बांधायला ती नसतेच. १९९१मध्ये मी ज्या गोळीवरून त्या पोरीला बोलले, ती तिच्या हाती पडली तेव्हा तिच्या बाळाच्या हृदयात व्हायचं ते होऊन गेलेलं होतं.

शंभर जिवंत जन्मांमागे साधारण एका बाळाच्या हृदयात काही ना काही दोष असतो. देशात अशी दोन लाखांहून जास्त बाळं दर वर्षी जन्मतात असा अंदाज आहे. माझ्या उपकेंद्राखाली पाच-सहा गावं, वर्षाला शंभर-सव्वाशे बाळंतपणं. म्हणजे वर्षाला एक. ३४ वर्षांत तीसेक लेकरं माझ्या हाताखालून गेली असली पाहिजेत. मला आठवतात ती नऊ. काहींचे दोष बारीक असतील, आपोआप मिटले असतील. उरलेली माझ्याच रजिस्टरमध्ये 'न्यूमोनिया' आणि 'अशक्तपणा' म्हणून लिहिली गेली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कारणांपैकी जे पक्कं माहीत आहे, त्यातली एक हकिगत मला फार जवळची वाटते. १९४१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीला नॉर्मन ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडं अचानक जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं येऊ लागली. सांगतात की दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या. मला दिवस गेले तेव्हा अंगावर पुरळ आला होता, ताप आला होता, असं एक म्हणाली, तर दुसरीही म्हणाली, मलाही. ग्रेगनी ते कान देऊन ऐकलं. मग स्वतःकडची आणि इतर डॉक्टरांकडची मिळून ७८ बाळांची माहिती त्यांनी गोळा केली. त्यांच्या आयांपैकी बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झालेला होता. त्यातल्या कितीतरी बाळांच्या हृदयातही दोष होता. आईला दोन-तीन दिवस बारीक ताप आणि पुरळ, ज्यासाठी कोणी कामावरून सुट्टीही घेत नाही, आणि पोटात मात्र हृदय, डोळे, कान तिन्हींना इजा. सुरुवातीला मोठमोठ्या डॉक्टरांचा यावर विश्वास बसला नाही. पण ग्रेग बरोबर होते.

बाकावरच्या बायकांच्या बोलण्यातून हे कारण सापडलं. मीही १९९१मध्ये त्या पोरीला गरोदरपणाबद्दलच विचारलं होतं, गोळ्या खाल्ल्यास का म्हणून. ग्रेगनी आयांचं ऐकून घेतलं. मी उत्तर आधीच ठरवून विचारलं होतं.

रुबेलाची लस आपल्याकडं सरकारी कार्यक्रमात २०१७मध्ये आली. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ला गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. शाळेच्या व्हरांड्यात रांगा लावून आम्ही सुया दिल्या. मोबाइलवर अफवा फिरत होत्या, काही आईबाप त्या दिवशी पोरींना शाळेतच पाठवत नव्हते, त्यांच्या घरी जाऊन बसावं लागलं. आता नऊ महिन्यांना आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान अशी ती नेमानं मिळते. पण २०१८मध्ये ज्या मुली पंधरा वर्षांच्या वर होत्या, त्या मोहिमेतून सुटल्या. त्यांची लग्नं आज होताहेत, त्यांना दिवस जाताहेत. लग्न ठरलेल्या पोरीच्या आईला मी अजून सांगते, बस्त्याच्या यादीत एक ओळ लसीची घाला. ही लस गरोदरपणात चालत नाही, दिवस जायच्या किमान महिनाभर आधी घ्यावी लागते.

दुसरं पक्कं कारण साखर. गरोदरपणात मागाहून वाढणारी साखर ती वेगळी, बहुधा पाच-सहा महिन्यांनी दिसणारी, तोवर हृदय बांधून झालेलं असतं. मी म्हणते ती दिवस जायच्या आधीपासून असलेली साखर. ती ताब्यात नसेल तर बाळाच्या हृदयात दोष असण्याची शक्यता कितीतरी पट वाढते. माझी भाची इथं अकोल्यात असते, तिला सव्विसाव्या वर्षीच मधुमेह निघाला. तिनं मूल होऊ द्यायचं ठरवलं तेव्हा आधी सहा महिने डॉक्टरांकडं गेली, गोळ्या बदलून इन्सुलिन घेतलं, तीन महिन्यांच्या सरासरीची साखर जागेवर आणली आणि मगच पुढचं पाऊल टाकलं. पाचव्या महिन्यात पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी केली, तिला फीटल इको म्हणतात, १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास करतात. पोरगी आता तीन वर्षांची आहे. हृदय उत्तम, हट्ट विचारू नका. अशी तयारी करून आई होणारी बाई माझ्या सगळ्या नोकरीत मला एकही भेटली नव्हती, कारण आम्ही कोणाला हे सांगतच नव्हतो.

काही औषधंही घात करतात. फिटच्या आजारावरच्या काही गोळ्या, मुरमांसाठी घेतात ती आयसोट्रेटिनॉइन, मानसिक आजारावरचं लिथियम. इथं एक इशारा दिलाच पाहिजे. हे वाचून कोणी फिटच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, त्यात आईचाच जीव जाऊ शकतो. दिवस जायच्या आधी डॉक्टरांना विचारा, गोळी बदलता येते. दारू, तंबाखूचा धूर ही नावंही या यादीत आहेत. कपाशीवरच्या फवारणीबद्दल मला पुष्कळ जण विचारतात. काही ठिकाणच्या अभ्यासांत संबंध दिसलाय, पण रुबेलासारखा तो सिद्ध झालेला नाही. तरी नवी नवरी असो की गरोदर बाई, फवारलेल्या वावरात तिनं जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. पण फवारणीच्या दिवशी वावरात कोण जाईल हे ती ठरवत नाही, घर ठरवतं. म्हणून ही गोष्ट मी बाईला सांगत नव्हते, तिच्या सासऱ्याला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगत होते.

मग रक्ताच्या गोष्टी. एकविसावं गुणसूत्र एक जास्त आलं की डाउन सिंड्रोम होतो, आणि अशा बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. त्यांत बहुधा मधल्या त्या उशा एकमेकींना चिकटलेल्याच नसतात. दुसऱ्या एका प्रकारात बाविसाव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळालेला असतो. त्या बाळाच्या टाळूतही दोष असू शकतो, कारण चेहरा आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या, दोन्हींच्या बांधणीला गर्भाच्या मानेकडून येणाऱ्या एकाच जातीच्या पेशी लागतात. म्हणून फाटका टाळू दिसला की छातीलाही आला लावून घ्यावा. आणि नात्यातली लग्नं. मामाच्या पोरीवर हक्क सांगण्याची रीत आपल्याकडं जुनी आहे. मामे-आते भावंडांच्या रक्तात आठवा हिस्सा एकसारखा असतो. दोघांकडं तोच लपलेला दोष असला तर बाळात तो उघडा पडण्याची शक्यता वाढते. अशा लग्नातून झालेली बहुतेक मुलं धडधाकट असतात, हेही खरं. पण घराण्यात आधी असं एखादं लेकरू झालेलं असेल, तर नात्यात सोयरीक जुळवण्याआधी दोनदा विचार करावा, हे मी माझ्या माहेरी मूर्तिजापूरलाही सांगितलंय आणि त्यावरून बोलणीही खाल्लीत.

आता एका पोराचं सांगते.

६ फेब्रुवारी २०१३ला पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स, असं पथक गाडी घेऊन लेकरं तपासायला वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं. २०१४ साली अंजनगाव तालुक्यातल्या एका अंगणवाडीत आम्ही पथकाची वाट पाहत होतो. पोरं अंगणात शिवाशिवी खेळत होती. त्यांतला चार वर्षांचा एक पोरगा दहा-बारा पावलं धावायचा आणि उकिडवा बसायचा. गुडघे छातीशी, मान खाली. थोडा वेळ जाई, उठे, पुन्हा धावे, पुन्हा बसे. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "त्याले तशीच सवय आहे. पोट दुखत असन." मी त्याचा हात हातात घेतला. नखं जांभळाच्या रंगाची, बोटांची टोकं फुगीर.

पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला आला लावला, बराच वेळ ऐकलं आणि आला माझ्या कानात घातला. "ऐका." ठोक्याच्या 'लब-डब'च्या मध्ये एक खरखरीत फुत्कार होता, पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की येतो तसा. अरुंद जागेतून रक्त जोरानं जात होतं.

त्याला फॅलोचा दोष होता. १८८८मध्ये फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं नीट मांडला म्हणून हे नाव. यात चार दोष एकत्र असतात, आणि ते ऐकून आईबाप हादरतात की एकाच लेकराला चार-चार? पण त्याच्या मुळाशी एकच चूक असते. हृदयातून सुरुवातीला एकच मोठी वाहिनी निघते. तिच्या आत एक पडदा वाढतो आणि तिच्या दोन वाहिन्या होतात, एक शरीराकडं, एक फुप्फुसाकडं. हा पडदा सरळ जात नाही, निरांजनाची वात वळताना दोन पदर एकमेकांभोवती पीळ घेतात, तसा पीळ घेत जातो. पीळच पडला नाही तर दोन्ही वाहिन्या उलट्या जागी लागतात, तो वेगळा आणि फार गंभीर आजार. पीळ पडला, पण पडदा थोडा एका अंगाला सरकला, तर फुप्फुसाकडची वाट अरुंद होते, दुसरी वाहिनी भिंतीवर सरकून बसते, तिच्याखाली छिद्र राहतं आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजवं दालन जाड होतं. झाले चार. सगळं त्या पडद्याच्या थोड्याशा सरकण्यातून.

आणि ते उकिडवं बसणं? तसं बसलं की मांड्यांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडची वाट आवळते आणि रक्त नाइलाजानं फुप्फुसाकडं वळतं. पोराला बरं वाटतं. चार वर्षांच्या लेकरानं आपला इलाज आपणच शोधून काढला होता, आणि आम्ही त्याला सवय म्हणत होतो.

त्याच्या आईनं संध्याकाळी मला तोच प्रश्न विचारला. "बाई, माह्याच लेकराले काहून?" मी तिच्याजवळ ओट्यावर बसले आणि एक एक विचारलं. दिवस गेले तेव्हा पुरळ, ताप? नाही. साखर, फिट, कुठल्या गोळ्या? नाही. नवरा नात्यातला? नाही. माहेरी-सासरी असं कोणी? नाही. मग मी तिला खरं ते सांगितलं, की बहुतेक लेकरांत बोट ठेवून दाखवावं असं एक कारण सापडतच नाही. रक्तातल्या बारीकसारीक गोष्टी आणि योगायोग, दोन्ही मिळून हे घडतं. हुबेहूब सारखी जुळी भावंडं, एकाच रक्ताची, एकाच पोटात वाढलेली. त्यांतही पुष्कळदा एकाला दोष असतो आणि दुसऱ्याचं हृदय ठाकठीक असतं. आईनं काही केल्यानं झालं असतं, तर दोघांनाही नसतं का झालं? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हे माह्या सासूले सांगता का?" मी त्याच पावली आत गेले.

सासूला जुळ्यांची गोष्ट पटली नाही. तिला मधुबाला पटली. खालच्या दालनांच्या भिंतीत छिद्र घेऊन जन्मलेली ती, १९५४मध्ये मद्रासला शूटिंग चालू असताना आजार उघडा पडला, तरी १९६०च्या 'मुगल-ए-आझम'सारख्या सिनेमांत काम करत राहिली आणि १९६९मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेली. म्हातारीनं तो सिनेमा अमरावतीला पाहिला होता. "ते अनारकली?" म्हणाली. "तिलेबी होतं?" आणि सुनेकडं पाहून पहिल्यांदा नुसतं म्हणाली, "चहा ठेव वं बाईले."

पोराला अमरावतीला तपासून नव्या रायपूरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात पाठवलं. लेकरांच्या हृदयाचं ऑपरेशन तिथं पूर्ण फुकट होतं, पैसे भरायची खिडकीच नाही. बडनेऱ्याहून हावड्याकडं जाणाऱ्या गाडीत मी त्यांना बसवून आले. परतल्यावर भेटायला गेले, तर छातीवर उभी रेघ आणि हातात काकडी. त्याची आई बोलता बोलता सारखी त्याचा हात उचलून नखं पाहत होती. गुलाबी होती.

तिला पुढचं मूल होऊ द्यायची भीती वाटत होती. एका लेकराला असा दोष असला, तर पुढच्याला असण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच एवढी असते. मी तिला उलटं करून सांगितलं, शंभरातली पंचाण्णव चांगली. आणि दिवस जायच्या आधीपासून रोज फोलिक ॲसिडची गोळी घे, पाचव्या महिन्यात हृदयाची सोनोग्राफी कर. फोलिक ॲसिड पाठीच्या कण्याचे दोष टाळतं हे पक्कं आहे. हृदयालाही त्याचा आधार मिळतो असं दाखवणारे अभ्यास आहेत. गोळी अगदी स्वस्त असते, फक्त ती पाळी चुकायच्या आधी सुरू झालेली हवी.

आणखी एक. कोरोनात गावोगाव आशाताईंकडं बोटाला लावायची ऑक्सिजनची यंत्रं आली. पुष्कळशी आता कपाटात पडून आहेत. नवजात बाळासाठी वेगळा, बारीक पट्टीचा सेन्सर लागतो. तो लावून जन्मानंतर दुसऱ्या दिवशी उजव्या हाताचा आणि पायाचा ऑक्सिजन पाहिला आणि ९५च्या खाली आला, तर बाळाला घरी न पाठवता हृदय तपासायचं. दोन मिनिटांचं काम. अमरावतीचं डफरीन असो, अकोल्याचं लेडी हार्डिंग असो की तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, आपल्या बाळाचं हे पाहिलं का, असं प्रत्येक बापानं सुट्टी घेताना विचारावं.

२०२२च्या उन्हाळ्यात दर्यापूरच्या एसटी स्टँडवर मी अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होते. एक बाई जवळ येऊन उभी राहिली. केस पिकलेले, पन्नाशीची. "ओळखलं का बाई?" मी ओळखलं. एकतीस वर्षं मी तो चेहरा विसरले नव्हते. तिला नंतर दोन मुलगे झाले, चांगले आहेत, एकाचं नुकतंच लग्न झालं, हे सगळं तिनं सांगितलं. मग मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "तेव्हा मी तुला गोळ्यांवरून बोलले होते. ते चूक होतं. त्या गोळ्यांचा काही संबंध नव्हता."

ती थोडा वेळ गाडीच्या वाटेकडं पाहत राहिली.

"गोया मी साऱ्या खाल्ल्या होत्या बाई," ती म्हणाली. "एकबी फेकली नोती."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमी रागात होत्या."

गाडी लागली. लोक दाराशी गोळा झाले. ती म्हणाली, "सुनेले आतापासून कोन्ती गोई देऊ, ते सांगा." मी पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून तिच्या एसटीच्या तिकिटामागं लिहून दिलं: फोलिक ॲसिड, रोज एक, आजपासून. खाली लिहिलं: साखर तपासा, रुबेलाची लस झाली का विचारा. तिनं ते दोनदा वाचलं आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं.